आरे-वारेची भरती आणि पुडीतले पुस्तक

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जायला दोन वाटा आहेत. एक निवळीवरून डोंगरातून जाणारी, लांबची. दुसरी शिरगाव, साखरतर, बसणी ही गावे मागे टाकीत समुद्राच्या कडेकडेने जाणारी. ही वाट अंतराने जवळची. तरी वेळ मात्र हीच जास्त खाते, कारण दर वळणावर गाडी थांबवून खाली पाहावेसे वाटते. याच वाटेवर आरे आणि वारे ही दोन शेजारची गावे आहेत. लोक त्यांचे नाव एका दमात घेतात, आरे-वारे.

येथे रस्ता जांभ्या दगडाच्या डोंगराला वळसे घालीत वर चढतो. वरून पाहिले की डोंगराचे नाक समुद्रात घुसलेले दिसते आणि त्याच्या दोन बाजूंना वाळूचे दोन लांबलचक पट्टे दिसतात. काठाला सुरूचे बन आहे. खाडीचे पाणी समुद्राला मिळते तेथे भरतीच्या वेळी पाणी आत शिरताना आणि ओहोटीला परत फिरताना डोळ्यांनी पाहता येते. पायाखालचा तांबडा जांभा म्हणजे आपल्या कोकणातल्या घरांचा चिरा. खाणीतून ताजा काढला की मऊ असतो, उन्हावाऱ्यात टणक होतो. फ्रान्सिस बुकानन या इंग्रज सरकारच्या पाहणी अधिकाऱ्याने १८०७ साली छापलेल्या आपल्या मलबारच्या प्रवासवर्णनात या दगडाला 'लॅटराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. आपले गवंडी त्याच्या कितीतरी आधीपासून हाच दगड विटेसारखा वापरीत होते.

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब दोन दिवस या परिसरात होतो. पण आमचे जाणे केवळ हवापालटासाठी नव्हते. बरोबर आमचे थोरले मामा होते. मामांना एक पुस्तक शोधायचे आहे. समुद्रकिनाऱ्यावर पुस्तक कसे शोधायचे, असे वाचक विचारतील. ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

पुडीच्या कागदातले पुस्तक

मामांचे बालपण रत्नागिरीत गेले. घरची परिस्थिती बेताची होती. १९६४ च्या सुमारास, वयाच्या बाराव्या वर्षी, शाळा सुटल्यावर ते एका किराणा दुकानात कामाला जात. काम एकच. रद्दीचे कागद फाडायचे आणि मीठ-मसाल्याच्या, गुळाच्या, चहाच्या पुड्या बांधायच्या. रद्दी वजनावर येई. त्यात जुनी वर्तमानपत्रे असत, वह्या असत आणि कधी कधी पुस्तकेही. आमच्या पिढीतल्या पुष्कळ घरांत पहिले पुस्तक असेच आले आहे. पुठ्ठा नाही, नाव नाही, सुरुवातीची दहा पाने नाहीत. विकत घेतलेल्या पुस्तकाला नाव असते. रद्दीतून आलेल्याला नसते.

असेच एक पुस्तक मामांच्या हाती पडले. ते विज्ञानाचे होते, मुलांसाठी लिहिलेले. मामा दुपारच्या सामसूम वेळी ते वाचीत आणि संध्याकाळी गठ्ठ्याच्या तळाशी लपवून ठेवीत. चार-पाच दिवस वाचले. एके दिवशी ते शाळेतून येईपर्यंत मालकांनी पुस्तक उलगडून पुड्यांना लावले होते. मालकांचा त्यात दोष नव्हता, त्यांनी रद्दी म्हणूनच ते विकत घेतले होते. पण शेवटचे प्रकरण मामांचे वाचायचे राहिले. माणूस चंद्रावर जाऊ शकेल का, हा त्या प्रकरणाचा विषय होता. त्याचे पहिले पान तेवढे त्यांनी वाचले होते.

पुढे मामा मुंबईला गिरणीत लागले. १९८२ च्या संपात काम गेले. नंतर मिळेल ते काम करून त्यांनी तीन मुलांना शिकवले. आता वय सत्तरीपुढे गेले आहे, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. गेल्या वर्षी ते म्हणाले, "माणूस चंद्रावर गेला, ते मी पेपरात वाचलं. पण त्या पुस्तकात पुढं काय लिहिलं होतं, ते राहिलंच. दिसतंय तोवर एकदा वाचायचंय." इतके साधे मागणे. पण नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही, प्रकाशक माहीत नाही. असे पुस्तक शोधायचे तरी कसे?

नाव नसले तरी खुणा असतात

एका ग्रंथपाल ताईंनी आम्हाला चांगली वाट दाखवली. त्या म्हणाल्या, "पुस्तकाचं नाव आठवू नका. पुस्तकात काय काय होतं तेवढं लिहून आणा." आम्ही मामांना बसवून एकेक गोष्ट लिहून घेतली. त्यातून हाती आलेल्या खुणा अशा.

पहिली खूण, आकाशात पाठवलेल्या कुत्रीचे चित्र. ती लायका. रशियाने ३ नोव्हेंबर १९५७ रोजी तिला दुसऱ्या स्पुटनिकमधून अंतराळात पाठवले. म्हणजे पुस्तक त्यानंतरचे.

दुसरी खूण, चंद्रापर्यंतचे अंतर. मामांना ते 'दोन लाख चाळीस हजार मैल' असे आठवते. आज आपण मुलांना सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर शिकवतो. मोजमापांच्या दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा. तो पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि शाळेच्या पुस्तकांतून मैल मागे पडले. म्हणजे पुस्तक या बदलाच्या काळातले.

तिसरी खूण सर्वांत मजेची. मामा म्हणाले, "अक्षरांच्या डोक्यावर ठिपकेच ठिपके होते. आमच्या शाळेच्या पुस्तकात तेवढे नव्हते." हे ठिपके म्हणजे जुने अनुच्चारित अनुस्वार. 'नाहीं', 'कोठें', 'घरें' असे पूर्वी लिहीत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि हे अनुस्वार गेले. तेव्हा पुस्तक बहुधा १९६२ च्या आधी छापलेले असणार.

चौथी खूण, भरती-ओहोटीचे प्रकरण. त्यात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायला शिकवले होते आणि त्यासाठी पाऊणकीचा पाढा दिला होता. पावकी, निमकी, पाऊणकी हे आपल्या जुन्या शाळेचे पाढे. परदेशी पुस्तकाच्या भाषांतरात पाऊणकी कोठून येणार? म्हणजे लेखक इथलाच, आणि समुद्राकाठच्या लोकांचे गणित जाणणारा.

चार खुणांनी एवढे काम केले. आता आम्हाला ठाऊक आहे की १९५७ ते १९६२ या पाच-सहा वर्षांतले, मराठीतच लिहिलेले, मुलांसाठीचे विज्ञानाचे पुस्तक आम्ही शोधत आहोत. गवताच्या गंजीतली सुई निदान एका पेंढीत आली.

सूचीकारांचे ऋण

मराठी पुस्तकांचा माग काढणाऱ्याने शंकर गणेश दाते यांचे नाव विसरू नये. या माणसाने ग्रंथालये पालथी घालून मराठीत छापलेल्या पुस्तकांची सूची तयार केली. पहिला खंड १८०० ते १९३७ पर्यंतचा, दुसरा १९३८ ते १९५० पर्यंतचा. दोन्ही मिळून पंचवीस हजारांहून अधिक पुस्तकांची नोंद. त्या काळी संगणक नव्हता. एकेक पुस्तक हातात घ्यायचे, पान पाहायचे आणि चिठ्ठी लिहायची, असे ते काम. त्यापुढील १९५१ ते १९६२ या काळाची सूची शरद केशव साठे यांनी केली. आमच्या पुस्तकाचा काळ याच सूचीत येतो. विषयवार सूची असल्याने विज्ञान, भूगोल, खगोल आणि बालवाङ्मय असे सगळे विभाग चाळावे लागतात. आम्ही नावे उतरवून घेत आहोत. एकेक पुस्तक मिळवून पाहणे आणि पाऊणकी सापडते का ते पाहणे, हे काम सध्या चालू आहे.

नाव नसलेल्या पुस्तकासाठी एवढा खटाटोप कशाला, असे एका पाहुण्यांनी विचारले. त्यांना मायकेल फॅरडेची गोष्ट सांगितली. ती येथेही सांगतो. फॅरडे हा लोहाराचा मुलगा. जन्म १७९१ चा. शाळा जेमतेम. १८०५ साली तो लंडनमध्ये एका पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. बांधायला येणारी पुस्तके तो रात्री वाचीत असे. त्यात रसायनशास्त्रावरचे संवादरूपाने लिहिलेले एक पुस्तक त्याला मिळाले. १८०६ साली ते पहिल्यांदा निघाले तेव्हा त्यावर लेखकाचे नाव नव्हते. ते जेन मार्सेट या बाईंनी लिहिले होते, हे जगाला उशिरा कळले. विज्ञानाचा पाया आपल्याला या पुस्तकाने घालून दिला, असे फॅरडेने पुढे मोठेपणी सांगितले आणि त्या बाईंचा आयुष्यभर आदर केला. हाच फॅरडे विजेचे जनित्र ज्या तत्त्वावर चालते ते तत्त्व १८३१ साली शोधून काढणारा. आज आपल्या घरात दिवा लागतो तो त्या तत्त्वावर. एकाने पुस्तके बांधताना वाचले, दुसऱ्याने पुड्या बांधताना. फॅरडेच्या हातचे पुस्तक टिकले, मामांच्या हातचे फाटले, एवढाच काय तो फरक.

पुस्तक हरवण्याचे दुःख आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. बाबासाहेबांनी पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके १९१७ साली परत येताना दुसऱ्या बोटीने पाठवली होती. महायुद्धात ती बोट टॉर्पेडोने बुडवली गेली आणि पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. त्याच बाबासाहेबांनी पुढे राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून.

वाळूवर पाऊणकीची परीक्षा

आता आरे-वारेकडे वळू. मामा म्हणाले, "पुस्तक मिळेल तेव्हा मिळेल. त्यातलं गणित खरं की खोटं ते तर बघू." म्हणून आम्ही मुद्दाम शुद्ध चतुर्थी आणि पंचमी हे दोन दिवस धरले. तिथी म्हटले की काहींच्या कपाळाला आठी पडते. पण तिथीचा शुभ-अशुभाशी काही संबंध नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोन १२ अंशांनी वाढला की एक तिथी होते. अशा ३० तिथींनी ३६० अंश पुरे होतात. हे आकाशातले घड्याळ आहे. दर्यावर जाणारे आपले कोळी बांधव ते पिढ्यान् पिढ्या वापरीत आले आहेत.

गणित असे. चतुर्थी म्हणजे चार. चार पाऊणे तीन. म्हणून त्या दिवशी पूर्ण भरती साधारण तीनच्या सुमारास. पंचमी म्हणजे पाच. पाच पाऊणे पावणेचार. म्हणून दुसऱ्या दिवशी पावणेचारच्या सुमारास. स्थळ बदलले की वेळ थोडी मागेपुढे होते. पण रोज भरती किती पुढे सरकते, ते साधारण सारखेच.

आम्ही पाण्यापासून चांगले दूर, कोरड्या वाळूत सुरूच्या काटक्यांची रांग लावली. मुलांनी वही-पेन आणि घड्याळ घेतले. दुपारी दोनला पाणी खाली होते. लाट येई आणि ओली रेघ ठेवून परत जाई. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या थोडी वर. दोन काटक्या पाण्यात गेल्या. पावणेतीनपर्यंत तिसरीही भिजली. मग पाणी थबकल्यासारखे झाले. साडेतीनला रेघ उतरू लागली तेव्हा धाकटी मुलगी ओरडली, "आजोबा, पाणी परत चाललं!" दुसऱ्या दिवशी त्याच जागी तोच खेळ केला. काटकी भिजायला पाऊण तास उशीर झाला, मिनिट-दोन मिनिटांचा फरक सोडला तर. मामांनी वहीतले आकडे दोनदा तपासले आणि म्हणाले, "लिहिणारा खरा माणूस होता."

असे का होते, तेही मामांनी मुलांना सांगितले. त्या पुस्तकात पृथ्वीचे चित्र लिंबासारखे काढले होते, दोन्ही टोकांना फुगलेले. चंद्राच्या बाजूचे पाणी चंद्राला जवळ असते, म्हणून ते जास्त ओढले जाते. पलीकडच्या बाजूचे पाणी दूर असते, त्याच्यावर ओढ कमी पडते, म्हणून ते मागे राहिल्यासारखे होऊन तेथेही फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा दिवसात दोनदा या फुगवट्यांतून जातो. म्हणून भरती दोनदा, सुमारे १२ तास २५ मिनिटांनी. पण पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्र स्वतःच्या वाटेने थोडा पुढे गेलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटे फिरावे लागते. म्हणून भरती रोज तेवढी उशिरा. पाऊणकी ४५ मिनिटे सांगते, विज्ञान ५० च्या आसपास सांगते. तोंडी हिशेबाला इतकी जवळीक पुष्कळ झाली.

सूर्यही पाणी ओढतो, पण त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचा जोर एका रेषेत येतो तेव्हा उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात ओढतात, तेव्हा भांगाची लहान भरती येते. न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात याचे कारण मांडले. केंब्रिजच्या न्यूटनचे गणित रत्नागिरीच्या पुडीच्या कागदावर पोचले आणि साठ वर्षांनी आरे-वारेच्या वाळूवर तीन मुलांना समजले.

हे केवळ गमतीचे ज्ञान नाही. आरे-वारेचा समुद्र वरून शांत दिसतो, पण आत ओढ आहे. पावसाळ्यात तर तो खवळलेलाच असतो. जुलै २०२५ मध्ये येथे चार जणांचा बुडून मृत्यू झाला. आपली मुले सहलीला जातात, पाणी पाहिले की धावतात. आज तिथी कोणती, पाणी चढते आहे की उतरते आहे, एवढे तरी त्यांना कळले पाहिजे. गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. पावसाळ्यात तर अजिबात उतरू नये.

शोधणाऱ्यांसाठी चार शब्द

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असे एखादे अर्धवट आठवणारे पुस्तक असेल. त्यांनी काय करावे, ते आमच्या अनुभवावरून सांगतो. आठवणाऱ्या सर्व गोष्टी, अगदी चित्रेसुद्धा, कागदावर उतरवा. मैल की किलोमीटर, आणे की नवे पैसे, अनुस्वार किती, यावरून साल ठरवा. मग दाते आणि साठे यांच्या सूच्या पाहा. विज्ञानाचे पुस्तक ग्रंथालयात एकाच कपाटात असेल असे नाही, ते बालविभागातही सापडते. रत्नागिरीला १८२८ सालापासूनचे जिल्हा नगर वाचनालय आहे. आपल्या जिल्ह्यातही असे जुने वाचनालय असेल, तेथे जा. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांना पुस्तकाची प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आणि कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते. तेथेही चौकशी करता येते. अरविंद गुप्ता यांच्यासारख्यांनी मुलांची विज्ञानाची कितीतरी पुस्तके आता मोबाईलवर मोफत वाचता येतील अशी करून ठेवली आहेत. त्यांत मराठी पुस्तकेही आहेत.

आणि एक विनंती. घरात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला कव्हर घाला. आतल्या पानावर पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि साल पुन्हा एकदा पेनाने लिहा. पुठ्ठा गेला तरी नाव राहील. रद्दी देण्याआधी गठ्ठा एकदा उलटून पाहा. त्यात कोणा मुलाचे पुस्तक तर जात नाही ना, एवढे बघायला पाच मिनिटे लागतात.

शेवटी आमचे मागणे. १९५७ ते १९६२ च्या दरम्यान निघालेले, मुलांसाठीचे, मराठी विज्ञानाचे पुस्तक. त्यात लायका कुत्रीचे चित्र आहे, लिंबासारखी पृथ्वी आहे, भरतीसाठी पाऊणकीचा पाढा आहे, आणि शेवटचे प्रकरण माणूस चंद्रावर जाईल का याबद्दल आहे. असे पुस्तक कोणा वाचकाच्या माळ्यावर, शाळेच्या कपाटात किंवा विहाराच्या वाचनालयात असेल, तर कृपया या साप्ताहिकाच्या पत्त्यावर दोन ओळी लिहून कळवाव्यात. पुस्तक मागत नाही, ते तुमच्या घरीच राहू द्या. शेवटच्या प्रकरणाची झेरॉक्स तेवढी पाठवा. अक्षर मोठे करून काढली तर फार बरे होईल.